कढीपत्त्यावरची अळी ते वाशीचा आंबा: कीटकांचं वर्गीकरण, उत्क्रांती आणि जनुकं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात येऊरच्या रस्त्यावर आम्ही काही जण रविवारी सकाळी कीटक बघत फिरतो. शाळकरी मुलं असतात, त्यांचे आईबाबा असतात, कधी ऐरोली-खारघरची मंडळीही येतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, म्हणून प्रश्न माझ्याकडे वळतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि चालता चालता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. त्यामुळे इथे ते सविस्तर लिहिले आहेत, साधारण ज्या शब्दांत विचारले गेले त्याच शब्दांत.

मॅडम, गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी बसली आहे. औषध मारू का?

मारू नका. ती बहुतेक कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी आहे. लहान असताना ती काळपट-पांढरी, शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे लक्ष देत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीनं हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. लिंबाच्या कुंडीत असेल तर लाइम फुलपाखराची अळीही असू शकते, दोघी अगदी जवळच्या नात्यातल्या. झाड लहान असेल तर दोन-तीन अळ्या ठेवा, बाकीच्या सोसायटीतल्या मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडा. पानं पुन्हा फुटतात.

एकाच कुंडीतल्या दोन अळ्यांमधून दोन वेगळी फुलपाखरं निघाली. एक काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं. दुसऱ्याला लाल ठिपके. दोन जाती एकत्र आल्या होत्या का?

नाही, जात एकच. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा थांबून सांगते.

कॉमन मॉरमॉनचे नर सगळे सारखे दिसतात: काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन रूपांत येतात. एक रूप हुबेहूब नरासारखं. दुसरं कॉमन रोझ या फुलपाखरासारखं, मागच्या पंखावर पांढरा डाग आणि लाल ठिपके असलेलं. तिसरं क्रिमसन रोझसारखं, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागच्यावर लाल ठिपके. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांच्या अळ्या सापसंद आणि त्याच्या कुळातल्या विषारी वेली खातात. ते विष फुलपाखराच्या अंगात उतरतं, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनच्या अंगात विष नसतं, तिनं फक्त वेश घेतलेला असतो. आमच्यात मुलं तिला 'बहुरूपी' म्हणतात, आणि तो शब्द तिला अगदी चपखल बसतो.

ओळखायची खूण पंखावर शोधू नका, अंगावर शोधा. खऱ्या रोझ फुलपाखरांचं अंग लाल असतं. मॉरमॉनची मादी कितीही हुबेहूब नटली तरी तिचं अंग काळंच राहतं.

या वेशानं वर्गीकरण करणारेही फसले आहेत. स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं १७५८ साली प्राण्यांच्या नावांची जी पद्धत घालून दिली, तिथूनच आपली सगळी शास्त्रीय नावं मोजली जातात. त्याच ग्रंथात त्यानं या एका फुलपाखराला दोन नावं दिली: नराला पॅमॉन आणि वेशधारी मादीला पॉलिटिस. त्याच्यासमोर फक्त टोचलेले, वाळलेले नमुने होते. अंड्यातून वाढवून पाहिल्यावर ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत हे कळलं, आणि आज जातीचं नाव पॅपिलिओ पॉलिटिस आहे. तुमच्या कुंडीनं जे दाखवलं ते लिनिअसला दिसू शकलं नव्हतं.

मी शिकवत होते तिथल्या संग्रहातही क्रिमसन रोझच्या चिठ्ठीखाली मॉरमॉनची मादी टोचलेली होती. अनेक वर्षं आम्ही तीच पेटी मुलांना दाखवत होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हिचं अंग काळं का?" त्या दिवशी चिठ्ठी बदलली.

मग हा वेश ठरवतं कोण? आई ठरवते की जनुकं?

जनुकं. नेमकं सांगायचं तर एक जनुक, आणि तेच या गोष्टीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य आहे.

पंखांचा आकार, पांढरा डाग, लाल ठिपके, पट्टे हे सगळं एकत्र बदलतं. मधलंच काहीतरी, म्हणजे अर्धं रोझ आणि अर्धं नरासारखं, असं सहसा दिसत नाही. म्हणून क्लार्क आणि शेपर्ड या ब्रिटिश संशोधकांनी संकरांचे प्रयोग करून १९७२ साली असं मांडलं की शेजारी शेजारी चिकटून बसलेल्या अनेक जनुकांचा एक गठ्ठा असावा आणि तो पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच उतरत असावा. अशा गठ्ठ्याला सुपरजीन म्हणतात.

२०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. कुंटे बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये संशोधन करतात. वेशधारी आणि साध्या फुलपाखरांचे संकर करायचे, त्यांच्या संततीत कुठला डीएनए वेशाबरोबर चालतो ते बघायचं, आणि शोधाचं वर्तुळ लहान लहान करत न्यायचं, अशी ही पद्धत. वर्तुळ आकसत आकसत एका जनुकावर येऊन थांबलं. त्याचं नाव डबलसेक्स.

हे जनुक नवीन नव्हतं. कीटकांमध्ये नर कसा घडायचा आणि मादी कशी घडायची, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चोपडी एकच, पण नराच्या पेशी तिची काही पानं गाळून वाचतात आणि मादीच्या पेशी दुसरी काही पानं. मॉरमॉनमध्ये याच जुन्या चोपडीला नवं काम मिळालं आहे. वेशधारी मादीत या जनुकाची जी आवृत्ती असते, ती कोषातल्या कोवळ्या पंखावर रंगांची मांडणी बदलते. ही आवृत्ती गुणसूत्रावर उलटी बसलेली आहे: डीएनएचा सुमारे १,३०,००० अक्षरांचा तुकडा मागचा पुढे झाला आहे. त्यामुळे साध्या आवृत्तीशी तिची सरमिसळ होत नाही आणि वेशाचे सगळे भाग एकत्र टिकून राहतात.

नराकडेही ही आवृत्ती असू शकते, फक्त त्याच्या पंखावर ती उमटत नाही. तो ती गुपचूप वाहतो आणि मुलीला देतो. म्हणून नराकडे बघून त्याच्या लेकी कशा निघतील हे सांगता येत नाही.

वेश इतका फायद्याचा असेल तर सगळ्याच माद्या वेश का घेत नाहीत?

कारण वेश दुर्मीळ असतो तेव्हाच तो चालतो. दहा खऱ्या विषारी फुलपाखरांमागे एक नकली असेल तर पक्षी फसतो. नकली जास्त झाल्या की पक्ष्याला लाल ठिपक्यांखाली गोड घास मिळू लागतो आणि भीती मोडते. मग नरासारख्या दिसणाऱ्या माद्यांचं पारडं पुन्हा जड होतं. ब्रिटिश निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सनं १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून अशा नकलेची कल्पना मांडली, म्हणून तिला बेट्सची नक्कल म्हणतात.

"जाती" म्हणायचं की "प्रजाती"? पेपरात एक लिहितात, शाळेच्या पुस्तकात दुसरं.

शाळेचं पुस्तक बरोबर. क्रम असा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. कॉमन मॉरमॉनमध्ये पॅपिलिओ ही प्रजाती, पॉलिटिस ही जाती. बातम्यांमध्ये जातीलाच प्रजाती म्हणायची सवय पडली आहे. बोलताना चालून जातं, लिहिताना मात्र घोळ होतो.

कोळी हा कीटक आहे ना?

नाही. कीटकाला सहा पाय, शरीराचे तीन भाग आणि शिंगांसारख्या स्पर्शिका असतात. कोळ्याला आठ पाय असतात आणि स्पर्शिका नसतात. गोमही कीटक नाही.

मग कीटकांचे सगळ्यात जवळचे नातलग कोण?

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपलीतली कोळंबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. कीटक कवचधारी प्राण्यांच्या गोतावळ्यातले आहेत. कोळंबी, खेकडे, कुर्ल्या यांचं जे मोठं घराणं, त्याचीच एक फांदी जमिनीवर आली आणि तिचे कीटक झाले. झुरळ दिसायला गोमेच्या जवळचं वाटतं, पण नात्यानं ते कोळंबीच्या जास्त जवळ आहे. पूर्वी पुस्तकांत कीटक आणि गोम शेजारी शेजारी ठेवायचे, कारण दोघांचे पाय बिनफाट्याचे आणि दोघं हवेच्या नळ्यांनी श्वास घेतात. जनुकांची तुलना झाल्यावर कळलं की जमिनीवर राहण्याच्या या सोयी दोघांनी स्वतंत्रपणे कमावल्या आहेत.

हे सगळं कधी घडलं? २०१४ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून १,४७८ जनुकांची तुलना केली. त्यांच्या हिशेबानं कीटक सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी उगम पावले आणि सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी उडू लागले. पक्षी, वटवाघळं तर सोडाच, उडणारे सरडेही तेव्हा नव्हते. आकाश पहिल्यांदा कीटकांचं होतं. जुन्या पुस्तकांत सापडणारी चंदेरी कसर आठवते? पंख येण्याच्याही आधी वेगळ्या झालेल्या फांदीवरची ती आहे. तिचे पंख गळून पडलेले नाहीत, तिच्या पूर्वजांना ते कधी नव्हतेच.

वाळवी म्हणजे पांढरी मुंगी. बरोबर?

आपल्याकडे असं म्हणतात खरं, पण वाळवीचा मुंगीशी काही संबंध नाही. वाळवी हे झुरळ आहे.

लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून पुरावा सांगते. मुंगीच्या अंड्यातून पाय नसलेली अळी निघते, मग कोष, मग मुंगी. वाळवीच्या अंड्यातून थेट छोटी वाळवी निघते, जसं झुरळाच्या अंड्यातून छोटं झुरळ. मुंग्यांमध्ये कामकरी सगळ्या माद्या. वाळवीत कामकरी नरही असतात, मादीही, आणि राणीबरोबर राजाही वारुळातच राहतो. मुंगी ही मधमाशी आणि गांधीलमाशीच्या घराण्यातली. लाकूड खाणारी, कुटुंब करून राहणारी काही झुरळं जगात आजही आहेत. लाकूड पचवायला लागणारे सूक्ष्मजीव त्यांच्याही आतड्यात असतात आणि पिल्लांना ते मोठ्यांकडून मिळतात. २००७ साली जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली आणि वाळवी झुरळांच्या वंशवृक्षाच्या आतच बसते हे पक्कं झालं. वाळवीचा वेगळा गण मग मोडीत निघाला.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. वर्गीकरण म्हणजे कपाटात कप्पे करणं, असं शाळेत वाटायला लागतं आणि तिथेच त्यातला रस संपतो. प्रत्यक्षात प्रत्येक नाव हे नात्याबद्दलचं विधान असतं: हा याचा भाऊ, तो त्याचा दूरचा चुलत. विधान म्हटलं की ते खोटं ठरू शकतं, तपासता येतं. म्हणूनच ते विज्ञान आहे.

स्वयंपाकघरातल्या छोट्या झुरळाला "जर्मन" म्हणतात. ते जर्मनीतून आलं का?

लिनिअसनं १७६७ साली त्याला जर्मनीचं नाव दिलं, कारण त्याच्याकडचे नमुने तिथले होते. पण त्या वेळच्या युरोपातही हे झुरळ बाहेरूनच आलेलं होतं.

२०२४ साली याचा छडा लागला. १७ देशांतून जमवलेल्या २८१ झुरळांचा डीएनए तपासला तेव्हा दिसलं की आशियाई झुरळाच्या फांदीतून सुमारे २,१०० वर्षांपूर्वी हे वेगळं झालं, आणि तेही भारत किंवा म्यानमारच्या भागात. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी ते इस्लामी राजवटींच्या व्यापाराच्या आणि सैन्याच्या वाटेनं पश्चिमेकडे गेलं. नंतर युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात ते आणखी पसरलं. आज माणसाच्या घराबाहेर ते जवळपास कुठेच राहत नाही. म्हणजे नावात जर्मनी, पण मूळ आपल्याच बाजूचं. 'अमेरिकन' झुरळाचीही तीच गत, त्याचं मूळ आफ्रिकेत आहे.

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले जेलचे ठिपके लावून गेले. पहिल्या वर्षी झुरळं गेली, आता ती जेलकडे ढुंकूनही बघत नाहीत. शहाणी झाली का?

एक एक झुरळ शहाणं होत नाही, पिढी बदलते. अमेरिकेत १९९३ साली असाच प्रकार नोंदवला गेला. आमिषाच्या जेलमध्ये गोडव्यासाठी ग्लुकोज होतं, आणि काही झुरळं नेमकं ग्लुकोजच टाळू लागली. २०१३ साली कारण कळलं: या झुरळांच्या तोंडाजवळ कडू चव ओळखणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्या ग्लुकोजलाही प्रतिसाद देतात. थोडक्यात, त्यांना साखर कडू लागते. आधी अशी झुरळं थोडी असणार, आणि उपाशी राहून त्यांचं नुकसानच होत असणार. जेल आलं तेव्हा गोड खाणारी मेली आणि ही उरली.

विदर्भातल्या कापसावरची गुलाबी बोंडअळी हेही याच गोष्टीचं, पण शेतकऱ्याला फार महाग पडलेलं उदाहरण. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जीवाणूचं जनुक घातलेला कापूस, भारतात २००२ साली आला. २०१७ पर्यंत बीटीला दाद न देणाऱ्या बोंडअळीनं राज्यात पीक उद्ध्वस्त केलं होतं. उत्क्रांती फक्त डायनासोरच्या काळात झाली असं मानणाऱ्यांना मी ही दोन उदाहरणं देते.

तुमच्यासाठी सल्ला: जेलचा प्रकार दर काही महिन्यांनी बदलायला सांगा, आणि रात्री ओटा कोरडा ठेवा.

केळ्यांवर घोंघावणारी चिलटं घेऊन लोक नोबेल मिळवतात म्हणे?

मिळवतात, आणि ते योग्यच आहे. हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. पिढी साधारण दहा दिवसांत पूर्ण होते, बाटलीत शेकडो मावतात, गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. १९१० साली अमेरिकेत टी. एच. मॉर्गन या शास्त्रज्ञाला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्याची संतती मोजता मोजता जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात याचा पुरावा मिळाला. १९३३चं नोबेल त्यासाठीच. २००० साली याच चिलटाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला.

आपल्या मुंबईचाही यात हात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव ओळखण्यात बिघाड असलेली चिलटं शोधून, माशीला वास कसा कळतो याचा जनुकीय माग काढला. ठाण्याहून लोकलनं जाता येईल इतक्या अंतरावर हे काम झालं, आणि आपल्या मुलांना ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

एक सूचना: ड्रोसोफिलालाही फळमाशी म्हणतात, पण कोकणात 'फळमाशी' म्हटलं की आंब्यात अंडी घालणारी माशी समजतात. ती वेगळी. तिच्याविषयी पुढे येतंच आहे.

डीएनए बारकोडिंग म्हणजे काय? दुकानातल्या बारकोडसारखं?

कल्पना तीच. २००३ साली कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी सुचवलं की प्रत्येक प्राण्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि तो जातीची ओळख म्हणून वापरायचा. कीटकाचा एक पाय पुरतो. अळी, अंडं, चुरडलेला पंख, ज्यांवरून डोळ्यांनी ओळख पटत नाही, त्यांचंही नाव लागतं. अळी आणि प्रौढ यांची जोडी लावायला तर याच्यासारखं साधन नाही.

पण याच्यावर आंधळा विश्वास नको. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणजे गोष्टीची एकच बाजू ऐकायला मिळते. शिवाय अनेक कीटकांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जीवाणू राहतो. तोही आईकडूनच पुढे जातो, आणि पसरताना एकाच प्रकारचे मायटोकॉन्ड्रिया सगळीकडे नेतो. मग दोन जाती एक वाटतात किंवा एक जात दोन वाटते. म्हणून चांगला संशोधक बारकोड घेतो, केंद्रकातली जनुकं घेतो, सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना बघतो, आणि तो कीटक जगतो कसा हेही बघतो. कुलूप-किल्लीसारखी असलेली ती रचना जातीजातीत वेगळी असते आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पतंगांत पुष्कळदा तीच निकाल देते.

याचा आमच्या आयुष्याशी काय संबंध? मी वाशीला आंब्याचा व्यापार करतो.

मग तुमच्याइतका संबंध क्वचितच कुणाचा असेल. २०१४च्या मे महिन्यात युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण पेट्यांमध्ये फळमाशीच्या अळ्या सापडत होत्या. २०१५च्या जानेवारीत ती उठली. वाशीच्या बाजाराला ते दिवस विसरता येणार नाहीत.

आंब्यातल्या फळमाशीचं नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्या आसपास दिसायला जवळजवळ सारख्या अनेक जाती आहेत. आफ्रिकेत २००३ साली एक फळमाशी सापडली, २००५ साली तिला इन्व्हाडेन्स हे वेगळं नाव मिळालं आणि ती घुसखोर म्हणून तिच्यावर बंधनं आली. नंतर अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तपासलं: पंखांची मापं, डीएनए, गंध, आणि एकमेकांशी जोड्या जमून धडधाकट संतती होते का. २०१५ साली निष्कर्ष आला की इन्व्हाडेन्स आणि पपाये नावाची तिच्यासारखीच आणखी एक माशी या दोन्ही वेगळ्या जाती नाहीत, त्या डॉर्सालिसच आहेत. नाव एक झालं की एका देशातलं नियंत्रणाचं ज्ञान दुसऱ्या देशात जसंच्या तसं वापरता येतं, आणि कुठल्या देशाला कुठल्या किडीची भीती आहे हा हिशेबही बदलतो.

बागेत लावतात त्या सापळ्यात मिथिल युजेनॉल हे वासाचं रसायन असतं. त्याकडे या माशीचे फक्त नर खेचले जातात. जवळच्याच इतर काही जाती दुसऱ्या गंधाकडे जातात. जात चुकीची ओळखली तर सापळा रिकामा राहतो आणि फळ किडतं. अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण करून पाठवतात, त्याची मात्रा ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाचं माप). वाशीला कृषी पणन मंडळाचं त्यासाठीचं केंद्र आहे. त्या मात्रेनं अळी लगेच मरतेच असं नाही, पण तिचा वंश पुढे चालत नाही.

डासांचंही असंच आहे का?

डासांत तर चुकीच्या ओळखीची किंमत माणसाला मोजावी लागते. आपल्या खेड्यांत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस या नावाखाली पाच जाती दडल्या आहेत. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात. त्यांच्या मोठ्या गुणसूत्रांवरचे पट्टे तपासून भारतीय शास्त्रज्ञांनी त्या वेगळ्या केल्या. त्यांतली बी ही भारतात मलेरिया फारसा पसरवत नाही. म्हणजे गावात डास मोजून भागत नाही, कोणते ते कळलं पाहिजे, नाहीतर फवारणी चुकीच्या जागी होते.

शहरात, म्हणजे आपल्या इमारतींत, ॲनोफेलिस स्टीफेन्सी असतो. गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावर साचलेलं पाणी ही त्याची जागा. हा डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि तिथल्या शहरांची चिंता वाढली. टाकीचं झाकण घट्ट बसवा, एवढं तरी आज करा.

ऐरोलीजवळ खाडीतली तिवरं एकदम पानं नसलेली, वाळल्यासारखी दिसली. कुणी विष टाकलं का?

पावसाळा ओसरताना असं दिसलं तर आधी फांद्या जवळून बघा. बहुतेक वेळा हिब्लिया प्यूरा या पतंगाच्या अळ्या असतात. हाच पतंग जंगलात सागाची पानं खातो. येऊरच्या सागावर पानाची फक्त मधली शीर उरलेली दिसली तर तो हाच. पान जाळीसारखं चाळण झालेलं असेल तर तो दुसरा पतंग. तिवरांना काही आठवड्यांत नवी पालवी येते, औषध मारायची गरज नाही. ते मारलंत तर खाडीतल्या कोळंबी-खेकड्यांना, म्हणजे कीटकांच्याच नातलगांना, आधी लागेल.

सागावर जगणारे आणि तिवरावर जगणारे पतंग एकमेकांत मिसळतात का, हा प्रश्न कुणा विद्यार्थ्यानं प्रकल्पाला घेतला तर मला फार आनंद होईल. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये आपल्याकडे जेमतेम एका शहराची रुंदी आहे. त्याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

मी मोबाईलवर काढलेल्या फोटोतला कीटक कुठेच सापडत नाही. नवीन जात असेल का?

असू शकते. जगात सुमारे १० लाख कीटकजातींना नावं मिळाली आहेत आणि अंदाज ५० लाखांच्या पुढचे आहेत. पण नुसत्या फोटोवर भरवशाचं काम होत नाही. नवीन जात जाहीर करायला एक नमुना लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. त्या नावाचा मालक तोच. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो नमुना काढून बघता आला पाहिजे, म्हणून तो सार्वजनिक संग्रहात ठेवतात: भारतीय प्राणी सर्वेक्षण (स्थापना १९१६, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला), किंवा १८८३ साली सुरू झालेली मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). मग जवळच्या सगळ्या जातींशी तुलना, चित्रं, मोजमापं, आणि शोधनिबंध.

फोटो तरीही टाका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा आणि तारीख बरोबर नोंदवलीत तर कुणीतरी त्या गटाचा जाणकार कधीतरी बघतो.

येऊरमध्ये जाळी घेऊन कीटक पकडले तर चालेल?

नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून मुंगीसुद्धा उचलायची नाही. संशोधकांनाही परवानगी काढावीच लागते. बघा, फोटो काढा, लिहून ठेवा. घोडबंदर रोडला ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. फुलपाखरं जवळून पाहायला मुलांना तिथे न्या.

मुलगी बारावीला आहे, तिला कीटकांवरच काम करायचंय. घरच्यांना वाटतं यात पोट भरत नाही.

प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि मग कीटकशास्त्र घेऊन एमएस्सी हा एक मार्ग. कृषी पदवी घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी कृषी कीटकशास्त्र हा दुसरा, आणि नोकरीच्या दृष्टीनं तो जास्त भक्कम. जनुकांकडे ओढा असेल तर पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था किंवा बंगळुरूच्या संस्था. तिला संगणकावर माहितीचं विश्लेषण शिकायला लावा, आज वंशवृक्ष तिथेच उभा राहतो. चित्र काढायची सवयही सोडू देऊ नका. पंखावरची शीर काढताना जी दिसते ती फोटोत निसटते.

घरी काही करता येईल का? आमच्याकडे फक्त गॅलरी आहे.

गॅलरी पुरते. कढीपत्ता लावा. अंडं दिसलं की वहीत तारीख लिहा, अळीनं कात टाकली की पुन्हा लिहा, कोष झाला की पुन्हा. फुलपाखरू निघालं की नर की मादी, आणि मादी असेल तर तिन्हींपैकी कोणतं रूप, ते लिहा. सापसंदाची वेल नर्सरीत मिळाली तर शेजारच्या कुंडीत तीही लावा. मग खऱ्या रोझ याच गॅलरीत येतील, आणि लाल अंग आणि काळं अंग एकाच कठड्यावर शेजारी शेजारी बघता येईल. वही घेऊन रविवारी या. पावसाळ्यात सकाळी सातला, बाकी दिवसांत साडेसहाला आम्ही निघतो. मुलांना पाण्याची बाटली आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तेवढा द्या.